बाईंची बदली झाली, आता शाळेचं काय?

हा भाग ऐकायचा राहिला असेल, तर इथे वाचून घ्या.

समजा, जिल्हा परिषदेची एक दोनशिक्षकी शाळा आहे. बाई इतक्या मनापासून शिकवतात की तिसरीतली पोरं घडाघडा वाचतात. मग बाईंची बदली होते. पुढच्या वर्षीची तिसरी मात्र अडखळत वाचते. चूक नव्या शिक्षकांची? नाही. शाळा बाईंच्या जिवावर चालली होती, व्यवस्थेच्या नाही.

महाराष्ट्रात १९६२ पासून जिल्हा परिषदा आहेत आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा बहुतेक त्याच चालवतात. जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, बीटाला विस्तार अधिकारी आणि शाळांच्या सगळ्यात जवळ केंद्रप्रमुख. खरी मेख या शेवटच्या दोन कड्यांत आहे.

केंद्रप्रमुख आले, हजेरी आणि पोषण आहाराची नोंद बघून गेले, तर शाळा फक्त कागदावर छान. पण त्यांनी चार मुलांना जवळ बसवून वाचायला लावलं, कोण कुठे अडतंय ते शिक्षकांसोबत लिहून ठेवलं आणि पुढच्या भेटीत तिथूनच सुरुवात केली, तर? तर बदली झाली तरी नव्या शिक्षकांना पहिल्याच दिवशी कळतं, काम कुठून सुरू करायचं. शिवाय केंद्राच्या शिक्षण परिषदेत एका शाळेची युक्ती बाकीच्या शाळांपर्यंत पोचते.

सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट याचं गाजलेलं उदाहरण. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धत एकाच शाळेपुरती न ठेवता अख्ख्या बीटात नेली. राज्यभरातले शिक्षक ते बघायला गेले.

दुसरा आधार गावाचा. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करणं, आलेला पैसा कसा खर्च होतो ते बघणं, हे समितीचं काम. नुसत्या सह्या करणं नव्हे!

आपण काय करू शकतो? गावी गेलात की शाळेत डोकवा. दोनच गोष्टी विचारा: समितीची शेवटची बैठक कधी झाली? आणि तिसरीतली किती मुलं न अडखळता वाचतात?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच मिळालं, तर समजा शाळा भरवशाची आहे. आकडा कमी असला तरी चालेल. तो माहीत असणं ही सुरुवात.