जिंकूनही न थांबलेले युद्ध

२३ मे १६१८ या दिवशी प्रागच्या किल्ल्यातील एका दालनात संतप्त प्रोटेस्टंट सरदार शिरले. १६०९ च्या राजपत्राने बोहेमियातील प्रोटेस्टंटांना दिलेले धर्मस्वातंत्र्य पायदळी तुडवले जात आहे, ही त्यांची तक्रार होती. शब्दाने शब्द वाढला आणि राजाचे दोन कॅथॉलिक कारभारी व त्यांचा चिटणीस अशा तिघांना त्यांनी खिडकीतून खाली फेकले. उंची पन्नास फुटांहून अधिक. तरीही तिघे वाचले. कुमारी मेरीने त्यांना अलगद झेलले, असे कॅथॉलिकांनी सांगितले. ते उकिरड्यावर पडले, असे प्रोटेस्टंटांनी. (चिटणिसाला पुढे सरदारकी मिळाली, तिच्या नावाचा अर्थ ‘उंचावरून पडलेला’ असा होतो. दरबारालाही विनोदबुद्धी होती म्हणायची!) वस्तूच्या एकाच अंगाला पूर्ण सत्य मानणाऱ्या वृत्तीला जैन परंपरा ‘एकान्त’ म्हणते. त्या खिडकीखाली दोन एकान्त समोरासमोर उभे होते आणि त्यांच्यातून निघालेले युद्ध तीस वर्षे चालले.

इतिहासात ते ‘तीस वर्षांचे युद्ध’ याच नावाने ओळखले जाते. धर्म हे त्याचे एकमेव कारण नव्हते. राजघराण्यांची स्पर्धा, सम्राट आणि संस्थानिक यांच्यातील अधिकारांचा वाद, भाडोत्री सैन्यांची भूक, हे सारे त्यात मिसळले होते. परंतु जेथे हे युद्ध संपू शकत होते, तेथे ते का संपले नाही, याचे उत्तर शोधताना धर्माकडेच वळावे लागते.

सम्राट फर्डिनांड दुसरा हा निष्ठावान कॅथॉलिक होता. नोव्हेंबर १६२० मध्ये प्रागजवळच्या श्वेत टेकडीवर त्याच्या पक्षाने बोहेमियाचे बंड काही तासांतच मोडले. पुढच्या जून महिन्यात प्रागच्या जुन्या चौकात २७ पुढाऱ्यांना देहदंड झाला. त्या जागी फरसबंदीत बसवलेले २७ पांढरे क्रूस आजही दिसतात. पुढे डेन्मार्कचा राजा प्रोटेस्टंटांच्या बाजूने उतरला, तोही हरला. १६२९ पर्यंत उत्तर जर्मनीत सम्राटाला आव्हान देईल असे कोणी उरले नव्हते. त्या क्षणी उदार तह झाला असता, तर ‘दहा वर्षांचे युद्ध’ एवढेच त्याचे नाव राहिले असते.

फर्डिनांडने या विजयांचा अर्थ वेगळा लावला. ईश्वराने यश दिले, ते त्याचे कार्य पूर्ण करण्यासाठीच, अशी त्याची श्रद्धा होती आणि त्याचा धर्मगुरू लामोर्मेनी ती दृढ करीत होता. मार्च १६२९ मध्ये आज्ञापत्र निघाले: १५५२ नंतर प्रोटेस्टंटांकडे गेलेली सर्व चर्चची मालमत्ता कॅथॉलिकांना परत करावी. यात मठ होते, जमिनी होत्या, मॅग्डेबर्ग आणि ब्रेमेन यांसारखी मोठी धर्मपीठे होती. दोन-तीन पिढ्यांत ज्या जागी लोकांची बारशी, लग्ने आणि अंत्यविधी झाले, त्या एका कागदाने परक्या ठरल्या. सम्राटाचा स्वतःचा सेनापती वालेनस्टाईन यालाही ही आज्ञा रुचली नाही. आतापर्यंत सम्राटाशी निष्ठा राखून तटस्थ राहिलेले प्रोटेस्टंट संस्थानिकही आता बिथरले.

१६३० च्या उन्हाळ्यात स्वीडनचा राजा गुस्टाव्हस अडॉल्फस सैन्यासह जर्मनीत उतरला. मॅग्डेबर्गने त्याच्याशी हातमिळवणी केली, म्हणून सम्राटपक्षाच्या टिली या सेनापतीने शहराला वेढा घातला. २० मे १६३१ रोजी तट फुटला. लूट सुरू झाली, आगी लागल्या आणि वाऱ्याने त्या शहरभर पसरल्या. सुमारे पंचवीस हजारांच्या वस्तीतील वीस हजारांच्या आसपास माणसे मेली. पुढच्या वर्षीच्या मोजणीत त्या शहरात जेमतेम साडेचारशे रहिवासी उरले होते. प्रोटेस्टंट सैनिक यापुढे शरण आलेल्या शत्रूला ‘मॅग्डेबर्गची दया’ दाखवू लागले. म्हणजे दया दाखवीत नसत.

त्या दिवशी वाचलेल्यांत ओटो फॉन गेरिक नावाचा तरुण नगरसदस्य होता. हवा काढून घेतलेल्या दोन धातूच्या अर्धगोलांना दोन्ही बाजूंनी घोडे जुंपूनही ते विलग झाले नाहीत, हा शाळेच्या पुस्तकातला प्रयोग पुढे त्याचाच. पण तत्पूर्वी अनेक वर्षे तो आपले जळालेले गाव उभारण्यात आणि त्याच्या हक्कांसाठी दरबारांचे उंबरे झिजवण्यात गुंतला होता.

युद्ध जितके लांबले, तितका धर्म मागे पडत गेला. फ्रान्सचा मुख्यमंत्री रिशेल्यू हा स्वतः कॅथॉलिक चर्चचा कार्डिनल. त्याने प्रोटेस्टंट स्वीडनला पैसा पुरवला आणि १६३५ पासून फ्रान्स उघडपणे युद्धात उतरला. त्याच वर्षी फर्डिनांडने आपली आज्ञा चाळीस वर्षांपुरती स्थगित केली, पण फार उशीर झाला होता. आग लावणारा हात काढून घेतला म्हणून वणवा विझत नाही. एकूण मृत्यूंचे अंदाज ४५ ते ८० लाख असे आहेत. बहुतेक बळी तलवारीचे नव्हते, उपासमारीचे आणि रोगराईचे होते.

तहाची बोलणी म्युन्स्टर आणि ऑस्नाब्रुक या दोन गावांत, कित्येक वर्षे चालली. पोपचा दूत पाखंडी मानलेल्यांशी एका मेजावर बसायला तयार नव्हता. २४ ऑक्टोबर १६४८ रोजी सह्या झाल्या. कोणाचा पंथ खरा, याचा निर्णय त्या कागदांत कोठेही नाही. १ जानेवारी १६२४ ला जी मालमत्ता ज्या पंथाकडे होती, ती त्याचीच, असे रोकडे ठरले. साम्राज्याच्या सभेत धर्मविषयक प्रश्न बहुमताने न सोडवता दोन्ही पक्षांनी वेगळे बसून परस्परसंमतीने सोडवावेत, हे दुसरे कलम. ऑस्नाब्रुकमध्ये तर एकदा कॅथॉलिक, एकदा प्रोटेस्टंट अशी बिशपपदाची पाळी लावली गेली. ही व्यवस्था दीडशे वर्षे टिकली; तिच्यामुळे एकदा इंग्लंडच्या राजाचे सहा-सात महिन्यांचे बाळ बिशप झाले, हे हास्यास्पदच. परंतु त्या बाळासाठी कोणी गाव जाळले नाही.

या तहाला मर्यादा होत्या. हॅब्सबर्गच्या स्वतःच्या मुलखातील बहुतेक प्रोटेस्टंटांना त्याचा लाभ झाला नाही, बोहेमियातून गेलेली कुटुंबे परतली नाहीत आणि संरक्षण मिळाले ते तीन ख्रिस्ती पंथांनाच. पोप इनोसंट दहावे यांनी तह निषिद्ध ठरवला. असा निषेध येणार हे ओळखून करणाऱ्यांनी तो आधीच निरर्थक ठरवून ठेवला होता.

यातला संमतीचा नियम विसाव्या शतकातही उपयोगी पडला. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथॉलिक आणि प्रोटेस्टंट समाजांतील संघर्षात तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मारली गेली. तेथेही वाद केवळ उपासनेचा नव्हता, देश कोणता याचा होता. १० एप्रिल १९९८ च्या कराराने विधानसभेतील महत्त्वाच्या निर्णयांना दोन्ही बाजूंचा पाठिंबा आवश्यक केला.

फर्डिनांडच्या आज्ञेच्याच वर्षी, ८ ऑगस्ट १६२९ ला, आउग्सबर्ग शहरात प्रोटेस्टंट उपदेशकांना काढून टाकण्यात आले. तहानंतर त्या शहराचा कारभार दोन्ही पंथांत समसमान वाटला गेला आणि १६५० पासून तेथील प्रोटेस्टंटांनी ८ ऑगस्ट हीच तारीख शांतीचा उत्सव म्हणून पाळायला घेतली. आज तो साऱ्या शहराचा उत्सव आहे. जर्मनीत अन्यत्र त्या दिवशी कामकाज चालू असते; केवळ आउग्सबर्गच्या हद्दीत सुट्टी असते.