आवाजाआधीचा कान

५ जानेवारी २०२३ पासून गोव्यातल्या मोपाच्या सड्यावरच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. पोटातल्या बाळाच्या कानाला त्या घरघरीचा त्रास होईल का, हा प्रश्न पेडणे तालुक्यातल्या घरांत येणं साहजिक आहे. उत्तर गरोदरपणाच्या महिन्यावर अवलंबून आहे.

चौथ्या आठवड्यात गर्भाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंचा पातळ थर आत दबतो आणि त्याची पिशवी होते. त्यातल्या काही पेशी बाहेर पडून चेतापेशी बनतात. मागे राहिलेल्यांतून आवाज टिपणाऱ्या केसपेशी घडतात. पुढे ज्यांना एकमेकींशी जोडून घ्यायचं, त्या मुळात एकाच घरच्या! दहाव्या आठवड्याच्या सुमारास कॉक्लियाचे, म्हणजे आतल्या कानातल्या शंखाचे, अडीच वेढे दिसू लागतात आणि चेतातंतू केसपेशींकडे परतीच्या वाटेला लागतात. ही वाट रसायनं दाखवतात. बीडीएनएफ आणि एनटी-३ ही प्रथिनं तंतूंना जगवतात. ज्या उंदरांत ही दोन्ही नसतात, त्यांच्या कॉक्लियात चेतापेशी तगतच नाहीत. सेमाफोरिनसारखी काही प्रथिनं उलट तंतूंना मागे ढकलतात. म्हणून सुमारे ९५ टक्के तंतू केसपेशींच्या आतल्या ओळीपाशीच थांबतात, एक तंतू एकाच केसपेशीला चिकटतो आणि बाहेरच्या तीन ओळींच्या वाट्याला उरलेले थोडेच येतात. आतल्या ओळीत केसपेशी जेमतेम साडेतीन हजार. माणसाचं ऐकणं जवळजवळ सगळं त्यांच्यावर चालतं, आणि मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही.

बाराव्या आठवड्याच्या आसपास जोडण्या दिसू लागतात, पण गर्भ आवाजाला दाद देतो तो सहसा चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्यापासून. मधल्या काळात कान करतो काय? बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात निकोला ट्रिच, ड्वाइट बर्गल्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये उंदीरवर्गीय पिलांत याचं उत्तर शोधलं. केसपेशींशेजारच्या आधारपेशी अधूनमधून एटीपी हे रसायन सोडतात, त्यानं केसपेशी उद्दीपित होतात आणि चेतातंतूंतून मेंदूकडे संदेशांच्या लहरी जातात. बाहेर आवाज नसतानाच ही तालीम चालते. मला तरी साऱ्या कर्णविज्ञानात याहून सुंदर शोध दिसत नाही.

म्हणजे पहिल्या पाच महिन्यांत विमान बाळाला बहुधा ऐकूच येत नाही. पुढे आईचं शरीर उंच पट्टीचे स्वर अडवतं, खर्जातली घरघर मात्र आत पोचते. ओसाका विमानतळाजवळच्या बाळांवरचा आंदो आणि हात्तोरी यांचा अभ्यास १९७० मध्ये आला. गरोदरपणाआधी किंवा पहिल्या पाच महिन्यांत तिथे राहायला आलेल्या आयांची बाळं विमानाच्या आवाजात बहुधा झोपून राहत. नंतर आलेल्यांची दचकून उठत. कानाला सवय झाली, एवढंच यातून दिसतं. इजा होत नाही, असं त्यातून सिद्ध होत नाही.

खरा धोका आहे तो जोडणीच्या महिन्यांत. पहिल्या तिमाहीत आईला रुबेला झाला तर बाळात जन्मजात दोष राहण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत जाते, आणि बहिरेपण हा त्यातला नेहमीचा दोष. फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवर-रुबेला लसीकरण मोहिमेच्या पहिल्या टप्प्यात गोवा होता. पंधरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी ती मोहीम होती. तेव्हाच्या थोरल्या मुली आज आई होण्याच्या वयात आहेत. गोव्याच्या बाळांच्या कानांसाठी याहून मोठं काम मला माहीत नाही.

जन्मानंतरच्या तपासणीत एक खाच आहे. ओएई चाचणी बाहेरच्या केसपेशींचा प्रतिध्वनी मोजते. ओटोफर्लिन जनुकात दोष असेल तर आतल्या केसपेशी तंतूला संदेशच देत नाहीत, तरीही ओएई चांगली येऊ शकते. हा दोष चेतातंतूंचा प्रतिसाद मोजणाऱ्या बेरा चाचणीत सापडतो. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाची तर बेरा करायलाच हवी. पहिली तपासणी महिन्याच्या आत, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्याआधी सुरू व्हावेत. डिस्चार्जच्या कागदावर नुसतं ओएई लिहिलेलं असेल, तर बेराची गरज आहे का, हे तिथेच डॉक्टरांना विचारून घ्यावं.