निंबोळीतील कीडरोधक द्रव्य

गावोगावच्या पारांवर व बांधांवर उभ्या असलेल्या कडुनिंबाखाली जूनच्या सुमारास निंबोळ्यांचा सडा पडतो. त्यांतील थोड्याच वेचल्या जातात. उरलेल्या पहिल्या पावसात चिखलात कुजतात. कीटकनाशकांवर पैसा खर्च करणाऱ्या शेतकऱ्याच्या दारातच हे घडावे, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

निंबोळीच्या मगजात तेलाखेरीज अनेक कडू द्रव्ये असतात. १९४२ साली सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी निंबतेलातून निंबिन व अन्य द्रव्ये अलग केली. कीडनियंत्रणाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे ॲझाडिरॅक्टिन मात्र १९६८ साली इंग्लंडमध्ये बटरवर्थ व मॉर्गन यांनी बियांतून वेगळे काढले. त्याने अळी तत्काळ मरत नाही. तिचे खाणे मंदावते, कात टाकण्याची क्रिया बिघडते आणि वाढ खुंटते. फवारणीच्या दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या म्हणून औषध निरुपयोगी ठरविणे घाईचे होय. अर्थात मोठ्या झालेल्या अळ्यांवर त्याचा प्रभाव कमी पडतो, हेही खरे.

कारखान्यात भरडलेल्या मगजातून प्रथम हेक्झेन या द्रावकाने तेल काढून घेतात. ॲझाडिरॅक्टिन त्यात उतरत नाही, पेंडीतच राहते. पेंड मिथेनॉलमध्ये भिजविली की ते द्रावणात येते. अधिक तापविल्यास त्याचे विघटन होते. म्हणून दाब कमी करून बेताच्या उष्णतेवर मिथेनॉल उडवितात. उरलेला चिकट अर्क पुन्हा हेक्झेनमध्ये ओतला असता त्याची भुकटी खाली बसते. संपूर्ण शुद्ध द्रव्य हवे असल्यास ती सिलिका जेल भरलेल्या नळीतून गाळून घटक वेगळे करावे लागतात. फवारणीसाठी एवढी शुद्धता लागत नाही.

शेतावरील ५ टक्के निंबोळी अर्क हे याचेच साधे रूप. ५ किलो निंबोळी भरडून ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी व सकाळी फडक्यातून गाळावी. २०० ग्रॅम साबण १ लिटर पाण्यात विरघळवून, फवारणीच्या आयत्या वेळी त्यात मिसळावा व एकूण द्रावण १०० लिटर करावे. ते त्याच दिवशी वापरावे. उन्हाने द्रव्य नष्ट होत असल्याने फवारणी सायंकाळी करणे इष्ट.

खरी मेख साठवणीत आहे. गर धुऊन काढलेले बी सावलीत वाळवून तागाच्या पोत्यात ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलसर बी भरले की बुरशी धरते, आणि अशा बियांतून पुढे फारसे काही हाती लागत नाही. निंबोळी पिकते नेमकी पावसाच्या तोंडावर. तेव्हा पंचायतीने समाजमंदिराचा कोरडा, हवेशीर कोपरा जून-जुलैपुरता मोकळा करून दिला, तरी गावाचे बी वाळविण्याची सोय होते.