कूटच्या वेढ्यातलं घर

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले, असं तिथलं स्मारक सांगतं. तेव्हाचा सातारा जिल्हा मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुकेही त्यातच होते. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये, आणि त्याला सांगली हे नाव त्याहून नंतरचं. त्यामुळे त्या युद्धाचं दुःख दोन्ही जिल्ह्यांचं सामाईक आहे.

या मुलखात शौर्याच्या कथा भरपूर सांगतात. घरच्या ओढीबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. ती बोलली तरी कशी जाणार होती? ज्याला लिहिता येत नव्हतं, त्याचं पत्र पलटणीतला दुसरा कुणी लिहून द्यायचा, वाटेत सेन्सॉरचा अधिकारी वाचायचा, आणि गावात मास्तर नाहीतर शेजारी साऱ्या घरासमोर मोठ्याने वाचून दाखवायचा. एवढ्या कानांमधून बायकोला काय कळवणार? खुशाली, पिकाची चौकशी, थोरांना दंडवत. बाकीचं मनातच राहायचं.

७ डिसेंबर १९१५ रोजी आजच्या इराकमध्ये टायग्रिसकाठच्या कूट गावात ब्रिटिशांच्या हिंदी फौजेला तुर्की फौजांचा वेढा पडला. आत इतर पलटणींबरोबर १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा पलटणीही होत्या. धान्य संपत आलं, तेव्हा घोडे कापले गेले. बहुतेक हिंदी शिपायांनी ते मांस नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशाने मागवली, तरी कित्येक जण बधले नाहीत. अधिकाऱ्यांना तो हट्ट वाटला. मला त्यात घर दिसतं. परत गेल्यावर गाव आपल्याला पंक्तीला घेईल का, लेकीचं लग्न जमेल का, हा घोर त्यांना होता. परतायचं आहे, ही आशा धरूनच ती माणसं उपाशी राहिली.

२९ एप्रिल १९१६ रोजी कूट पडलं. सुमारे १३ हजार जण कैदेत गेले. वाळवंटातल्या पायपिटीत, रोगराईत आणि पुढे रेल्वेच्या कामावर त्यांतले हजारो दगावले. बसरा इथल्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा. हा भेदभाव होता, हे अशी स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ मध्ये कबूल करून माफी मागितली.

दोन्ही जिल्ह्यांतल्या जुन्या ट्रंकांमध्ये अजून कुठे पत्रं, मनिऑर्डरीच्या पावत्या असतील. वाळवी लागण्याआधी त्यांच्या नकला करून ठेवायला हव्यात. बसऱ्याच्या भिंतीवर जे आकडे झाले, त्यांची नावं त्यातल्या काही कागदांवर असू शकतात.