घोंगडीच्या लोकरीतून विणचित्र

आषाढी वारीच्या वाटेवर ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुत्याला मुक्कामास येते. तेव्हा काही वारकऱ्यांच्या खांद्यावर काळी घोंगडी दिसते. तिचा काळा रंग बहुधा रंगाऱ्याने दिलेला नसतो; तो माळशिरस, माण भागांतील माळरानांवर चरणाऱ्या दख्खनी मेंढीचाच असतो.

या मेंढीची लोकर जाडीभरडी. मेरिनो मेंढीच्या लोकरीचा तंतू साधारण २० मायक्रॉन जाड, तर दख्खनीचा पुष्कळदा त्याच्या दुप्पट. म्हणून उंची कापडाच्या गिरण्यांना ती नको असते. अनेक ठिकाणी कातरणीची मजुरीही तिच्या विक्रीतून सुटत नाही आणि लोकर फेकून दिली जाते. परंतु जी लोकर अंगाला टोचते, ती सतरंजीला, गालिच्याला आणि भिंतीवरील विणलेल्या चित्राला मात्र चालते. कारण तिथे मऊपणापेक्षा टिकाऊपणाला महत्त्व असते.

विणकामात मागावर ताणून बसवलेल्या उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात आणि त्यांच्या खालून-वरून जाणाऱ्या आडव्या धाग्याला बाणा. सांगर आणि खुटेकर धनगर कारागीर घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ते एकमेकांत अडकतात व धागे गुंततात. खळीमुळे तंतू चिकटून बसतात आणि धाग्याला ताठपणा येतो.

घोंगडीत बाणा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो. समजा, आपण तसे केले नाही. लाल धागा लाल भागापुरताच नेऊन परत फिरवला, शेजारी निळा धागा निळ्या भागापुरता. मग कापड आणि चित्र एकाच वेळी तयार होतील. यालाच टॅपेस्ट्री म्हणतात. आपण विणचित्र म्हणू. येवल्याच्या पारंपरिक पैठणीचा पदर याच तत्त्वावर विणतात. रंगागणिक वेगळी कांडी असते आणि दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवतात. म्हणून हातमागावरच्या अशा पदरावरील मोर मागच्या बाजूनेही तसाच दिसतो. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यातील लोकरी विणचित्रे आणि आपली पैठणी या दृष्टीने एकाच कुळातील आहेत.

आता स्वतः करून पाहा. जाड पुठ्ठ्याच्या वरच्या व खालच्या कडेला ५ मिलिमीटर अंतरावर खाचा पाडा. त्यांतून सुतळीसारखा मजबूत सुती दोरा ताणून घ्या, हा ताणा. दाभणात लोकरीचा धागा ओवून एकाआड एक दोऱ्यांच्या खालून-वरून न्या. परतताना क्रम उलटा करा. प्रत्येक ओळ फणीने खाली दाबा.

चारपाच ओळींनंतर कापडाच्या कडा आत ओढल्या जात आहेत असे दिसेल. याचे कारण भूमितीत आहे. बाणा सरळ जात नाही, नागमोडी जातो. आणि नागमोडी वाट सरळ वाटेपेक्षा लांब असते. तेवढी जास्तीची लांबी मिळावी म्हणून धागा कमानीसारखा सैल ठेवा आणि मग दाबा. कडा सरळ राहतील, ताणा पूर्ण झाकला जाईल.

यापुढे एक ओळ काळी, एक पांढरी असे आलटून-पालटून विणा. आडवे पट्टे येतील अशी तुमची अपेक्षा असेल, पण उमटतील उभे! कारण काळा धागा नेहमी विषम क्रमांकाच्या दोऱ्यांवरून जातो आणि पांढरा सम क्रमांकाच्या. आता हा तुकडा मैदानावर टांगा आणि मागे मागे सरका. डोळ्याला साधारण एक कोनीय मिनिटापेक्षा लहान तपशील वेगळा ओळखता येत नाही. त्यामुळे ५ मिलिमीटरचे पट्टे सुमारे १७ मीटरवरून एकमेकांत मिसळून राखाडी दिसू लागतील. दृष्टीनुसार हे अंतर थोडे बदलेल. विणकर रंग मिसळत नाही. तो ते शेजारी ठेवतो, मिसळण्याचे काम डोळा करतो.

हेच शेजार कधी फसवतेही. मिशेल शेवरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये गोबलँच्या रंगशाळेचा प्रमुख झाला. तिथला काळा रंग फिका पडतो अशी तक्रार होती. त्याने इतर ठिकाणची काळी लोकर आणून तुलना केली, तर रंगात खोट नव्हती. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारामुळे काळा निस्तेज भासत होता. या शोधातून रंगांच्या परस्परविरोधाचा नियम निघाला. १८३९ मध्ये त्याने तो ग्रंथरूपाने मांडला आणि पुढे चित्रकारांनीही त्याचा उपयोग केला.

तेव्हा विणचित्रासमोर उभे राहाल तेव्हा आधी दूर उभे राहून चित्र पाहा, मग जवळ जाऊन धागे पाहा. कोणता रंग कोणाच्या शेजारी ठेवला आहे आणि वक्ररेषा किती पायऱ्यांनी घडवली आहे, हे शोधा. शिक्षकांनी मेंढपाळांकडून थोडी कातरलेली लोकर मागून आणावी. काळी, पांढरी आणि करडी या तीन नैसर्गिक छटा मिळाल्या, तरी शाळेच्या भिंतीवर आपल्या माळरानाचे एक विणचित्र सहज लागेल. फेकून दिल्या जाणाऱ्या लोकरीचे मोल विद्यार्थ्यांना त्यातूनच कळेल.