चुन्याची निवळी आणि प्रवाळांचे घर

शाळेच्या प्रयोगशाळेतील एक साधा प्रयोग बहुतेक वाचकांना आठवत असेल. परीक्षानळीत चुन्याची निवळी घेऊन तीत काचेच्या नळीने हळूहळू हवा फुंकली, की ती स्वच्छ निवळी दुधासारखी पांढरी होते. उच्छ्वासातील कार्बन डायॉक्साइड वायूचा चुन्याशी संयोग होऊन कॅल्शिअम कार्बोनेट तयार होते आणि त्याचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगू लागतात. बहुधा हा प्रयोग येथेच थांबवितात. परंतु फुंकणे तसेच चालू ठेवले, तर काही वेळाने तो पांढरेपणा ओसरतो आणि पाणी पुन्हा नितळ होते. कारण न विरघळणाऱ्या कार्बोनेटचे अधिक वायूमुळे विरघळणारे बायकार्बोनेट झालेले असते.

जिवंत प्रवाळ काचेच्या टाकीत वाढविणाऱ्या माणसाला रोज जे रसायनशास्त्र हाताळावे लागते, त्यातील बराचसा भाग या एका परीक्षानळीत सामावलेला आहे. तो कसा, हे प्रस्तुत पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

समुद्राला जोडलेली टाकी व बंद टाकी

प्रवाळ हा प्राणी आहे. शैलभित्ती उभारणाऱ्या जातींत असे असंख्य लहान जीव वसाहत करून राहतात आणि आपल्या देहाखाली कॅल्शिअम कार्बोनेटचा कठीण सांगाडा रचीत जातात. त्यांच्या पेशींत राहणारी एकपेशीय शैवले प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करून त्यांना पुरवितात. म्हणूनच अशा टाकीला प्रखर प्रकाश, खेळते पाणी आणि सांगाड्यासाठी लागणारी द्रव्ये या सर्वांचीच गरज असते.

न्यू कॅलेडोनिया बेटावरील नूमेआ येथे डॉ. रने काताला यांनी १९५६ साली एक मत्स्यालय उघडले आणि त्यात जिवंत प्रवाळ ठेवून दाखविले. तेथील टाक्यांतून समुद्राचे ताजे पाणी सतत वाहत असे. प्रवाळांनी जेवढे कॅल्शिअम घेतले, तेवढे येणारे पाणी भरून काढीत असे. वेगळे काही घालण्याची जरुरी नव्हती. पण समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या घरात वा संस्थेत हे शक्य नसते. तेथे तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरते, आणि प्रवाळ जसजसे वाढतात तसतसे ते आपल्याच पाण्यातील बांधकामाचे साहित्य संपवीत जातात. टाकी जितकी निरोगी, तितकी ही तूट मोठी.

दोन द्रव्ये, दोन कोठारे

या बांधकामाला दोन गोष्टी लागतात. पहिली कॅल्शिअम. समुद्राच्या एक लिटर पाण्यात ते सुमारे ४१० मिलिग्रॅम असते. दुसरी अल्कता. अल्कता म्हणजे आम्ल निष्प्रभ करण्याची पाण्याची क्षमता. समुद्राच्या पाण्यात ती मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेट या आयनांमुळे येते. ती मोजण्यासाठी पाण्याच्या नमुन्यात एक दर्शक द्रव्य घालतात आणि ठरावीक तीव्रतेचे आम्ल, रंग बदलेपर्यंत, थेंबाथेंबाने टाकतात. टाकी बाळगणारे लोक हे माप ‘जर्मन अंशां’त सांगतात. समुद्राची अल्कता सुमारे ७ अंश भरते. अल्कता आणि सामू या दोन गोष्टी एक नव्हेत, हे येथे ध्यानात ठेवावे. सामू पाणी या क्षणी किती आम्ल वा अल्क आहे हे सांगतो. अल्कता आम्लाला तोंड देण्याची शिल्लक किती आहे हे सांगते.

सांगाडा तयार होताना कॅल्शिअमचा एक आयन आणि बायकार्बोनेटचे दोन आयन खर्ची पडतात. हे प्रमाण निसर्गाने बांधून दिलेले आहे. अंशांच्या भाषेत सांगावयाचे, तर अल्कता १ अंशाने उतरते तेव्हा दर लिटरमागे कॅल्शिअम सुमारे ७ मिलिग्रॅमने उतरते.

आता या दोन कोठारांची तुलना करून पाहा. अल्कतेचे सातही अंश संपले असे क्षणभर मानले, तरी कॅल्शिअम ४१० वरून ३६० पर्यंतच खाली येईल. घरात तांदळाचे पोते भरलेले असावे आणि डाळ मात्र लहानशा डब्यात असावी, त्यातली ही स्थिती. रोज खिचडी केली, तर दोन्ही जिन्नस ठरल्या प्रमाणातच लागतात. पण डब्याचा तळ आधी दिसतो आणि पोते हलल्याचेही जाणवत नाही. यावरून घरात फक्त डाळच खपते असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो चुकेल. टाकीच्या बाबतीत मात्र नवखा माणूस नेमकी हीच चूक करतो. अल्कता उतरलेली दिसते म्हणून तो महिनोन् महिने नुसता सोडा घालीत राहतो, आणि एके दिवशी कॅल्शिअमही बरेच खाली गेल्याचे त्याच्या लक्षात येते.

तूट भरून काढण्याचे तीन मार्ग

समजा, २०० लिटरच्या टाकीत रोज १ अंश अल्कता खर्च होते. याचा अर्थ प्रवाळ दररोज सुमारे साडेतीन ग्रॅम कॅल्शिअम कार्बोनेट रचीत आहेत, आणि तितकेच साहित्य आपण परत दिले पाहिजे.

पहिला मार्ग चुन्याच्या निवळीचा. पीटर विल्केन्स या जर्मन लेखकाने तो १९७० नंतरच्या दशकात लोकप्रिय केला. एक लिटर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम विरलेला चुना विरघळतो. वरील टाकीला अशी पावणेदोन लिटर निवळी रोज पुरते, आणि टाकीतून बाष्परूपाने जाणाऱ्या पाण्याच्या जागी ती घालता येते. निवळीत दोन्ही द्रव्ये नेमक्या प्रमाणात असतात आणि मागे कोणतेही मीठ उरत नाही, हा तिचा मोठा गुण. परंतु तिचा सामू १२ च्या वर असतो. ती एकदम ओतली तर टाकीच्या पाण्याचा सामू झपाट्याने चढतो, म्हणून ती थेंबाथेंबानेच द्यावी लागते. हे काम रात्री करणे इष्ट. कारण अंधारात शैवलांचे प्रकाशसंश्लेषण थांबते, पाण्यात कार्बन डायॉक्साइड साठतो आणि सामू आपोआपच उतरलेला असतो. भांडे उघडे ठेवल्यास हवेतील वायूमुळे निवळीवर पांढरी साय धरते. ती साय म्हणजे वाया गेलेला चुना होय. हाताळताना डोळे आणि त्वचा जपावी, हे सांगणे नकोच.

दुसरा मार्ग म्हणजे आपल्या प्रयोगाचा उत्तरार्ध. एका बंद नळकांड्यात प्रवाळांच्या जुन्या सांगाड्यांचे तुकडे भरतात आणि त्यातून फिरणाऱ्या पाण्यात कार्बन डायॉक्साइड सोडतात. पाणी आम्लधर्मी होऊन तुकडे विरघळू लागतात आणि कॅल्शिअम व बायकार्बोनेट यांनी समृद्ध असे पाणी टाकीत ठिबकते. सांगाड्यातून जे गेले, ते सांगाड्यातूनच परत मिळत असल्यामुळे प्रमाण आपसूक राखले जाते. मात्र उरलेला वायू टाकीचा सामू खाली ओढतो, हा या पद्धतीचा दोष.

तिसरा मार्ग दोन द्रावणांचा. एका बाटलीत कॅल्शिअम क्लोराइड आणि दुसरीत सोडा. दोन्ही सम प्रमाणात, पण वेगवेगळ्या वेळी वा टाकीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत घालावयाची. ती एकत्र झाली की तत्क्षणी पांढरा साका बसतो. या पद्धतीत सोडिअम आणि क्लोराइड, म्हणजे आपले साधे मीठ, मागे उरते. म्हणून पाण्याची खारटी वरचेवर तपासून काही पाणी बदलावे लागते.

दुरुस्ती आणि पुरवठा

येथे दोन कामांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. बिघडलेले प्रमाण मूळपदावर आणणे ही दुरुस्ती होय. रोजचा खर्च भरून काढणे हा पुरवठा होय. कॅल्शिअम ३६० असून अल्कता योग्य असेल, तर एकदा केवळ कॅल्शिअमच द्यावे. अल्कता उणी असून कॅल्शिअम पुरेसे असेल, तर केवळ सोडा द्यावा. ही दुरुस्तीही एका दिवसात न करता थोडीथोडी करावी. दोन्ही आकडे ठिकाणावर आले, की मग दोन्ही द्रव्यांचा सम पुरवठा सुरू करावा. समतोल द्रावण कितीही घातले, तरी आधीच बिघडलेला तोल त्याने सुधारत नाही. आणि दोन्ही आकडे एकदमच उणे दिसले, तर प्रथम खारटी मोजावी. कदाचित पाणीच पातळ झालेले असेल.

दोन्ही द्रव्ये अवाच्या सवा वाढविण्यातही धोका आहे. उष्ण कटिबंधातील समुद्राचे पृष्ठजल मुळातच कॅल्शिअम कार्बोनेटने अतिसंपृक्त असते. लिटरमागे सुमारे १,३०० मिलिग्रॅम असलेले मॅग्नेशिअम स्फटिकांच्या वाढीला अडथळा करते, म्हणून समुद्रात चुन्याचा साका बसत नाही. टाकीत ही मर्यादा ओलांडली, तर पाणी पांढरे होते, साका बसतो आणि अल्कता काही तासांत कोसळते. प्रवाळांसाठी घातलेले साहित्य असे तळाशी जाते.

टाकीबाहेरचा समुद्र

या हिशेबाचे महत्त्व टाकीपुरते नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात ‘बायोस्फिअर २’ नावाची एक प्रचंड बंदिस्त काचवास्तू आहे. तीत सुमारे २६ लाख लिटरांचा एक कृत्रिम समुद्र आणि त्यात प्रवाळांची वसाहत होती. १९९१ साली आठ माणसे त्या वास्तूत दोन वर्षांसाठी राहावयास गेली, तेव्हा आतील हवेतील कार्बन डायॉक्साइड बाहेरच्या कित्येक पट वाढला आणि त्या समुद्राचा सामू सावरण्यासाठी त्यात सोडा घालावा लागला. पुढे ख्रिस लँग्डन आणि त्यांचे सहकारी यांनी तेथेच पाण्याचे रसायन बदलून प्रयोग केले. कॅल्शिअम आणि कार्बोनेट यांच्या गुणाकारावर प्रवाळांच्या बांधकामाचा वेग अवलंबून असतो, हे त्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले.

खऱ्या समुद्रात आज हाच गुणाकार घटत आहे. हवेतील वाढता कार्बन डायॉक्साइड पाण्यात विरघळतो. त्याने कॅल्शिअम कमी होत नाही आणि अल्कतेचा आकडाही उतरत नाही. पण कार्बोनेटचे बायकार्बोनेट होत जाते. औद्योगिक क्रांतीपासून समुद्रपृष्ठाचा सामू सरासरी सुमारे ०.१ ने खाली आला आहे. परीक्षानळीत आपण फुंकीत राहिलो, तेव्हा जे झाले, त्याच दिशेने हे पाऊल आहे. टाकीच्या मालकाला रात्री चार थेंब निवळी देता येते. लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात येथील प्रवाळांना ती सोय नाही. या शैलनिर्मात्या प्रवाळांना २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र लाभले आहे. सबब हौसेखातर ते समुद्रातून तोडून आणणे हा गुन्हा आहे, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

प्रवाळांची टाकी प्रत्येक शाळेला परवडणारी नाही. परंतु चुना, पाणी आणि काचेची नळी सर्वत्र मिळते. शिक्षकांच्या देखरेखीखाली, निवळी तोंडात ओढली जाणार नाही अशी काळजी घेऊन, तो जुना प्रयोग पुन्हा करावा. आणि या वेळी पाणी पांढरे झाल्यावर न थांबता ते नितळ होईपर्यंत तो चालू ठेवावा.