दोष आरशाचा नव्हता!

मी कॉन्व्हेंटवाला, मराठी सांभाळून घ्या!

आमच्या सहा इंची न्यूटोनियन दुर्बिणीतून हॉस्टेलच्या गच्चीवर गुरूचे चंद्र मस्त दिसले. देवयानी दीर्घिका मात्र दिसेना, नुसतं राखाडी धुकं! सगळे म्हणाले, आरसा बिघडलाय. आरसा मीच घासला होता.

मग आयपीस काढून फोकसरमधून आत डोकावलो. समोर नळीची भिंत चमकत होती! जिन्यातल्या ट्यूबलाइटचा उजेड. आतून काळा रंग होता, पण गुळगुळीत. तिरपा उजेड पडला की तोही चकाकतो. गुरू तेजस्वी, त्याचं काही बिघडत नाही. अंधुक दीर्घिका त्यात बुडते.

फोकसरसमोर काळी मखमल चिकटवली. काळ्या कार्डशीटने नळीचं तोंड तिच्या व्यासाइतकं, आठ इंच वाढवलं. देवयानीचा लांबट ठिपका दिसला!

वॉर्डन सर, जिन्यातला दिवा तेवढा रात्री तासभर बंद ठेवाल?